मायक्रोग्लिया: उंदीर, मेंढी, माकड आणि माणूस यांची तुलना करताना

उंदराच्या मायक्रोग्लियावरचे (मेंदूतल्या प्रतिकारपेशींवरचे) निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत, हे वाक्य आता या विषयावरच्या बहुतेक शोधनिबंधांच्या सुरुवातीला असतं. त्यापुढचा प्रश्न मात्र घाईत उरकला जातो. दोन प्रजातींच्या पेशींमध्ये जनुकांच्या कामात फरक दिसला, तर तो जिवंत मेंदूत होता का? की पेशी सुट्या करताना आपल्या हातून तयार झाला? की एका प्राण्याच्या जीनोमची नोंद (कुठलं जनुक कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याची यादी) पक्की आणि दुसऱ्याची अर्धवट, म्हणून संगणकावर उमटला? तिन्ही प्रकारचे फरक आलेखात अगदी सारखे दिसतात. ते वेगळे कसे करायचे, आणि सगळ्या चाळण्या लावूनही कुठले फरक उरतात, यावर हा लेख आहे.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूत कायम वस्तीला असलेल्या प्रतिकारपेशी. १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने ऊती रंगवून त्या वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना नाव दिलं. चेतापेशींच्या कुळाशी त्यांचा संबंध नाही. गर्भाच्या अगदी सुरुवातीला पीतककोशात तयार झालेल्या भक्षकपेशी मेंदूत शिरतात आणि तिथेच विभाजन पावत आयुष्यभर टिकतात. उंदरांमध्ये हे २०१० मध्ये पेशींचा वंश रंगखुणेने मागोवून दाखवलं गेलं. माणसाच्या मेंदूत वर्षाला साधारण २८ टक्के मायक्रोग्लिया नव्या होतात, म्हणजे एका पेशीचं सरासरी वय चार वर्षांच्या थोडं वर जातं. प्रयोगशाळेतला उंदीर दोन-तीन वर्षंच जगतो. तेव्हा ‘समान वयाचे’ नमुने घेतले असं लिहिताना आपण प्राण्याचं वय जुळवतोय, आयुष्यातला टप्पा जुळवतोय की पेशीचं वय, हे आधी ठरवायला हवं. तीनही एकाच वेळी जुळत नाहीत.

३३ सस्तन प्रजातींच्या मेंदूंत मायक्रोग्लिया मोजल्या गेल्या आहेत. मेंदूच्या आकारात प्रचंड तफावत असूनही त्यांची घनता बरीचशी सारखी निघाली. चेतापेशींची घनता प्रजातीप्रमाणे कितीतरी पट बदलते, मायक्रोग्लियाची फारशी बदलत नाही. पेशींची संख्या उत्क्रांतीने इतकी जपून ठेवलेली असताना त्यांच्या आतला जनुकांचा कारभार कितपत जपलाय, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

त्यावरचं एक मोठं एकत्रित काम २०१९ मधलं, इस्रायलच्या वाइझमन संस्थेचं आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या गटाचं. माणूस, मॅकाक आणि मार्मोसेट ही माकडं, मेंढी, उंदीर, रॅट (मोठा उंदीर), कोंबडी, झेब्राफिश अशा एकूण दहा प्रजाती, म्हणजे ४५ कोटी वर्षांहून अधिक उत्क्रांती, त्यांनी एकेका पेशीच्या आरएनएवरून तपासली. निष्कर्ष थोडक्यात असा: कृंतकांपासून (उंदीरवर्गीय प्राण्यांपासून) माणसापर्यंत जनुकांचा एक गाभा टिकून आहे. बहुतेक प्राण्यांत मायक्रोग्लियाची एकच ठळक अवस्था दिसते, माणसात मात्र अनेक दिसतात. आणि कृंतक व प्रायमेट (माकडं आणि माणूस) यांच्यात जे गट वेगळे पडले त्यात पूरक प्रथिनांची (प्रतिकाराला मदत करणाऱ्या प्रथिनांची) जनुकं, भक्षणाची जनुकं आणि अल्झायमर व पार्किन्सनच्या जोखमीशी जोडलेली जनुकं आहेत. म्हणजे ज्या भागासाठी उंदीर वापरायचा, नेमका तोच भाग हललेला.

गाभ्यात काय आहे ते आधी सांगतो. सीएसएफ१आर हा ग्राहक (पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन), ज्याच्याशिवाय मायक्रोग्लिया जगत नाहीत. माणसात त्याच्या एका प्रतीतल्या बदलाने प्रौढ वयात मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याचा (चेतातंतूंच्या भागाचा) गंभीर आजार होतो. झेब्राफिशमध्ये त्याच्या दोन प्रती आहेत आणि दोन्ही बंद केल्या की मायक्रोग्लिया उरतच नाहीत. पीयू.१ आणि आयआरएफ८ हे जनुकं चालू-बंद करणारे नियंत्रक. सॅल१, जो मायक्रोग्लियाला यकृत-फुप्फुसातल्या भक्षकपेशींपासून वेगळं ठेवतो. सीएक्स३सीआर१ आणि पी२आरवाय१२, ज्यांच्या मदतीने ही पेशी चेतापेशींचा कानोसा घेते. यांपैकी एखादा जर तुमच्या विदेत (डेटामध्ये) एखाद्या सस्तन प्राण्यात शून्य दिसत असेल, तर नव्वद टक्के वेळा चूक नमुन्यात किंवा नोंदीत असते. नवा शोध लागला असं समजून लिहायला बसू नये.

आता हाताचं काम. मायक्रोग्लियाचं कामच मुळी इजा हुंगणं हे आहे, आणि मेंदू कापून, चिरून, एन्झाइममध्ये भिजवून पेशी सुट्या करणं ही त्यांच्यासाठी सर्वात मोठी इजा. ३७ अंशांवर अर्धा तास एन्झाइम लावलं की फॉस, जून, ईजीआर१ ही तातडीची जनुकं, उष्माघात-प्रथिनांची जनुकं, सीसीएल३, सीसीएल४, आयएल१बी आणि टीएनएफ ही दाहाची जनुकं वर चढतात. या पेशी जिवंत मेंदूत दाहात नव्हत्या, नळीत गेल्यावर झाल्या. २०२२ मध्ये हा सगळा ठसा नीट मोजला गेला आणि मृत्यूनंतर घेतलेल्या माणसाच्या मेंदूंतही तशाच धाटणीचा ठसा दिसतो हेही नोंदलं गेलं. म्हणून उंदराचा मेंदू दहा मिनिटांत बर्फावर आणि माणसाचा कित्येक तासांनी, अशा नमुन्यांची तुलना करून ‘मानवी मायक्रोग्लिया मुळातच दाहप्रवण असतात’ असं लिहिणं धोक्याचं आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, एन्झाइम टाळून सगळं ४ अंशांवर यांत्रिक पद्धतीने करणं. दुसरा, एन्झाइम लागणारच असेल तर पेशींचं यंत्र थांबवणारी द्रव्यं पहिल्या क्षणापासून घालणं: नवा आरएनए थांबवायला ॲक्टिनोमायसिन-डी आणि ट्रिप्टोलाइड, प्रथिननिर्मिती थांबवायला ॲनिसोमायसिन. ही द्रव्यं रक्त धुवून काढण्याच्या बफरमध्येही असावी लागतात. नंतर एन्झाइमच्या नळीत घातली तर तोवर फॉस चढलेला असतो. ॲक्टिनोमायसिन-डी प्रकाशाने खराब होतं, नळ्या फॉइलमध्ये गुंडाळाव्यात. ते विषारी आहे, दुहेरी हातमोजे हवेतच. मृत पेशी ओळखायला सेव्हन-एएडी हा रंग त्याच्यासोबत वापरू नये, कारण दोन्ही रेणू डीएनएवरच्या एकाच प्रकारच्या जागेसाठी झगडतात. दुसरा रंग घ्यावा.

यांत्रिक पद्धत उंदरासाठी अशी. खोल भूल, मग हृदयाच्या डाव्या कप्प्यातून २० ते ३० मिली थंडगार बफर, यकृत फिकट पडेपर्यंत. हे नीट झालं नाही तर रक्तातल्या मोनोसाइट पेशी पुढे मायक्रोग्लियात मिसळतात. मेंदू काढल्यावर आवरणं आणि कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतला द्रव बनवणारं जाळं) काळजीपूर्वक सोलून काढायचे. आवरणांत आणि रक्तवाहिन्यांच्या कडेला वेगळ्या भक्षकपेशी असतात. त्या एमआरसी१, लाइव्ह१ आणि पीएफ४ या जनुकांनी ओळखू येतात. उंदराच्या मेंदूवरून आवरण पूर्ण निघतं, मेंढीच्या खोल घड्यांतून निघत नाही. मग मेंढीच्या नमुन्यात या पेशी जास्त येतात आणि ‘मेंढीच्या मायक्रोग्लियात एमआरसी१ असतो’ असा खोटा निष्कर्ष तयार होतो. ज्याला घड्या असलेल्या मेंदूवर काम करायचंय त्याने आवरण काढायला उंदराच्या तिप्पट-चौपट वेळ धरावा आणि तेवढा वेळ ऊती बर्फाच्या बफरमध्येच ठेवाव्यात.

पुढे ऊती काचेच्या डाउन्स होमोजनायझरमध्ये, आधी सैल मग घट्ट दांड्याने, प्रत्येकी पंधरा-वीस सावकाश फेऱ्या. दांडा वर ओढताना हवेचे बुडबुडे आले की पेशी फुटतात. ७० मायक्रॉनची गाळणी, सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी (गुरुत्वाच्या ३०० पट) वर दहा मिनिटं, आणि मग परकॉल (पेशी घनतेप्रमाणे वेगळ्या करणारं द्रव). इथे नेहमी एक चूक होते. बाटलीतल्या परकॉलमध्ये क्षार जवळजवळ नसतात. आधी नऊ भाग परकॉल आणि एक भाग दहापट तीव्रतेचा पीबीएस (क्षारांचा बफर) मिसळून समपरासारी (पेशींइतक्याच क्षारतेचा) साठा करायचा, आणि मग त्या साठ्याचे ३.७ मिली आणि साध्या पीबीएसचे ६.३ मिली मिळून ३७ टक्क्यांचं द्रावण. बाटलीतला परकॉल थेट साध्या पीबीएसमध्ये पातळ केला तर द्रावण पेशींच्या मानाने फारच पातळ होतं, पेशी फुगतात, हलक्या होतात आणि मायलिनच्या (चेतातंतूंवरच्या चरबीयुक्त वेष्टणाच्या) थरात अडकून बसतात. ५०० जी वर अर्धा तास, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. वर पांढरा मायलिनचा थर, खाली पेशी. थर आधी पूर्ण शोषून घ्या, नळीच्या भिंतीला चिकटलेला अंशसुद्धा.

उंदराचा आख्खा मेंदू ०.४ ते ०.५ ग्रॅमचा, आणि १५ मिलीच्या एका नळीला तेवढंच झेपतं. मेंढी किंवा माणसाच्या ऊतींत पांढरं द्रव्य जास्त असतं, त्यामुळे तिथेही नळीमागे अर्ध्या ग्रॅमच्या वर जाऊ नये, नळ्या वाढवाव्यात. एका उंदरामागे शेवटी एक-दोन लाख पेशी हाती लागल्या तर काम चांगलं झालं असं समजायचं.

वर्गीकरणात, म्हणजे फॅक्सवर (अँटिबॉडीला जोडलेल्या रंगावरून पेशी निवडणाऱ्या यंत्रावर), उंदरात सीडी११बी असलेल्या आणि सीडी४५ कमी असलेल्या पेशी घेतात. माणसात सीडी४५ची कमी आणि जास्त अशी स्वच्छ फारकत नेहमी मिळत नाही, म्हणून सीडी६४ आणि सीएक्स३सीआर१ जोडीला घेतात. कोंबडी, साप किंवा मासा यांच्यासाठी बहुतेक बाजारू अँटिबॉडी निरुपयोगी. ऊतींच्या कापांवर आयबीए१ची (मायक्रोग्लियाची खूण असलेल्या प्रथिनाची) अँटिबॉडी मात्र बऱ्याच सस्तन प्राण्यांत चालते, कारण ज्या तुकड्याविरुद्ध ती बनवली आहे तो प्रथिनाच्या शेवटच्या, चांगल्या जपलेल्या भागातला आहे. झेब्राफिशमध्ये ४सी४ नावाची वेगळी अँटिबॉडी वापरतात.

गोठवलेल्या नमुन्यांतून पेशी निघत नाहीत, फक्त केंद्रकं निघतात, आणि माणसाचे बहुतांश नमुने गोठवलेलेच असतात. केंद्रकांवर ऊती सुट्या करण्याच्या इजेचा परिणाम कमी, हा मोठा फायदा. तोटे दोन. पहिला संख्येचा. अल्झायमरवर २०१९ मध्ये आलेल्या, फार गाजलेल्या संचात ४८ माणसांची ८०,६६० केंद्रकं होती आणि त्यांत मायक्रोग्लिया होत्या १,९२०. माणशी ४०! एवढ्यावरून अवस्था-उपअवस्था मांडणं कठीण आहे. त्याच विदेचं पुढे माणूस हे एकक धरून पुन्हा विश्लेषण झालं, तेव्हा बदललेल्या जनुकांची यादी शेकडो पटींनी आखडली. उपाय म्हणून न्यूएन असलेली चेतापेशींची केंद्रकं आणि मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइटची केंद्रकं आधी काढून टाकतात, किंवा पीयू.१ अथवा आयआरएफ८ असलेली केंद्रकं वेचून घेतात.

दुसरा तोटा जास्त फसवा आहे. २०२० मध्ये त्याच माणसांच्या ताज्या पेशी आणि केंद्रकं समोरासमोर ठेवून पाहिली गेली. साधारण एक टक्का जनुकं केंद्रकांत कमी दिसली, आणि ती नेमकी मायक्रोग्लिया सक्रिय झाल्याची खूण मानली जाणारी निघाली: एपीओई, एसपीपी१, सीडी७४, सीएसटी३. आजाराशी जोडलेल्या मायक्रोग्लियाच्या ज्ञात जनुकांपैकी १८ टक्के या गटात येतात. आता कल्पना करा, उंदराची विदा ताज्या पेशींची आणि माणसाची केंद्रकांची. उंदरात एपीओई चढतो, माणसात चढत नाही, असा आलेख तयार होईल आणि तो पूर्णपणे पद्धतीचा असेल. जुनी विदा पुन्हा वापरताना मी सर्वात आधी हा रकाना पाहतो: पेशी की केंद्रक. दोन प्रजातींत तो वेगळा असेल तर त्या जोडीवरून सक्रियतेबद्दल काहीही बोलू नये.

संगणकाच्या बाजूला आल्यावर पहिला प्रश्न समजातीय (एकाच पूर्वज-जनुकापासून आलेल्या) जनुकांचा. माणूस आणि उंदीर यांच्यात एकास एक जुळणारी सुमारे १६ हजार जनुकं मिळतात. झेब्राफिशशी तुलना आली की चित्र बदलतं. माणसाच्या साधारण ७० टक्के जनुकांना तिथे निदान एक जोडीदार आहे, पण टेलिऑस्ट माशांच्या (आजच्या बहुतेक हाडाच्या माशांच्या) पूर्वजात आख्खा जीनोम दुपटीने वाढल्यामुळे अनेकांचे दोन-दोन जोडीदार आहेत. एपीओई घ्या: माशात एपीओईए आणि एपीओईबी असे दोन, आणि मायक्रोग्लियात ठळकपणे चालणारा एपीओईबी. फक्त एकास एक जोड्या ठेवण्याची सवय असेल तर एपीओई, सीएसएफ१आर अशी महत्त्वाची नावं यादीतून गुपचूप गळतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते दोन्ही प्रती वेगळ्या मोजाव्यात, मग एका कुटुंबाची बेरीज करून दुसरं कोष्टक बनवावं आणि मुख्य निष्कर्ष दोन्हींत टिकतो का ते पाहावं. नुसत्या नावांवरून जोड्या लावणं सर्वात वाईट. एन्सेम्बलसारख्या जीनोम-कोशातल्या वंशवृक्षावरून लावाव्यात आणि कोशाची आवृत्ती लिहून ठेवावी.

दुसरी अडचण जनुकाच्या शेपटीची. सध्याच्या बहुतेक एकपेशी पद्धती आरएनएचं फक्त मागचं टोक वाचतात. उंदीर आणि माणूस यांच्या जीनोममध्ये ती टोकं नीट नोंदलेली आहेत. मेंढी, कोंबडी, मार्मोसेटमध्ये अनेकदा आखूड नोंदलेली असतात. वाचनं (यंत्राने वाचलेले आरएनएचे तुकडे) जनुकाच्या नोंदलेल्या हद्दीबाहेर पडतात, मोजणीत येत नाहीत, आणि जनुक ‘बंद’ दिसतं. तपासणी सोपी आहे: ज्या जनुकावर तुमचा निष्कर्ष उभा आहे त्याच्या आसपासची वाचनं जीनोम ब्राउझरमध्ये डोळ्यांनी पाहा. जनुकाच्या शेवटानंतर काही हजार अक्षरांत (डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांत) वाचनांचा ढीग दिसला की नोंद आखूड आहे हे कळतं. मग हद्द वाढवायची, किंवा त्याच ऊतींतून लांब वाचनं काढून नोंद दुरुस्त करायची. हद्द सरसकट सगळ्यांची पाच हजार अक्षरांनी वाढवणारे लोक आहेत; त्यात शेजारच्या जनुकाची वाचनं चोरली जातात, म्हणून शेजारी कुठे सुरू होतो तिथे थांबायला हवं. केंद्रकांच्या विदेत इंट्रॉनमधली (आरएनएतून नंतर गाळल्या जाणाऱ्या भागातली) वाचनंही धरायची, नाहीतर अर्धी माहिती वाया जाते.

नळीत तरंगणारा सुटा आरएनए ही सगळ्यांना माहीत असलेली, तरी प्रजातींच्या तुलनेत विसरली जाणारी गोष्ट. जास्त पेशी फुटलेल्या नमुन्यात चेतापेशींचा आरएनए मायक्रोग्लियाच्या थेंबांत (एकेक पेशी ज्यात पकडली जाते त्या थेंबांत) शिरतो. माणसाच्या शवनमुन्यांत हे जास्त असतं. सेलबेंडर किंवा सूपएक्स या संगणकप्रणाली लावून ते कमी करता येतं. लावल्यानंतरही मायक्रोग्लियात सिनॅप्सची जनुकं ठळक दिसत असतील तर ती पेशीने गिळलेली, पेशीची स्वतःची की सांडलेली, हे आरएनएवरून ठरवता येत नाही.

प्रजाती एकत्र बसवणाऱ्या पद्धतींबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हार्मनी, एससीव्हीआय, स्युरत वगैरे पद्धती चित्र एकत्र काढण्यासाठी वापराव्यात, फरक मोजण्यासाठी नाही. त्या फरक पुसायलाच बनवलेल्या आहेत. २०२३ मधल्या एका मोठ्या चाचणीत अनेक पद्धती प्रजातींवर तपासल्या गेल्या. जवळच्या प्रजातींसाठी एससीव्हीआय, तिची लेबल वापरणारी बहीण एससीएएनव्हीआय आणि स्युरत यांचा तोल बरा निघाला. फार दूरच्या प्रजातींसाठी सॅमॅप, जी क्रमसाधर्म्य वापरून जनुकांच्या जोड्या स्वतः सैलपणे लावते. पुसणं किती झालंय हे पाहायला एक कसोटी चांगली चालते: एका प्रजातीतून आवरणांतल्या भक्षकपेशी मुद्दाम काढून टाका आणि पुन्हा एकत्र बसवा. दुसऱ्या प्रजातीतल्या त्याच पेशी आता मायक्रोग्लियात जाऊन बसल्या, तर पद्धत जबरदस्ती करतेय. फरक मोजताना मात्र प्रत्येक प्राण्याच्या सगळ्या मायक्रोग्लियाची बेरीज करून, प्राणी हे एकक धरून, नेहमीच्या एजआर किंवा डीसेक२ या सांख्यिकी साधनाने मोजावं. पाच प्राण्यांच्या पन्नास हजार पेशी असल्या तरी नमुने पाचच असतात.

आणि दोन प्रजातींची तुलना म्हणजे अर्धीच तुलना. उंदीर आणि माणूस सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी फुटले. एखादं जनुक उंदरात वर आणि माणसात खाली दिसलं, तर बदल कोणाच्या फांदीवर झाला? मेंढी या दोघांच्याही बाहेरच्या फांदीवर आहे. मेंढी माणसासारखी निघाली तर बहुधा उंदीर बदलला, उंदरासारखी निघाली तर प्रायमेटांच्या बाजूला बदल झाला. दोन्ही उत्तरांचे व्यावहारिक परिणाम वेगळे. पहिल्या स्थितीत डुक्कर किंवा मेंढी हा आदर्श (मॉडेल) प्राणी म्हणून चालेल, दुसऱ्यात माकडाशिवाय किंवा मानवी पेशींशिवाय गत्यंतर नाही. तिसरी प्रजाती घेण्याचा खर्च टाळून आणखी दहा उंदीर घेण्यात काही अर्थ नाही.

माणसात अवस्था जास्त दिसतात, या निष्कर्षाकडेही असंच पाहायला हवं. प्रयोगशाळेतले सी५७बीएल/६ उंदीर एकमेकांचे जणू जुळे, एकाच खाद्यावर, जंतुनियंत्रित खोलीत वाढलेले. पूर्ण जंतुविरहित उंदरांचे मायक्रोग्लिया अपरिपक्व राहतात, हे २०१५ पासून माहीत आहे. समोर माणसं: वेगवेगळ्या वयांची, औषधं घेतलेली, अपस्माराच्या शस्त्रक्रियेतून किंवा मृत्यूनंतर आलेली. कॅस्ट, पीडब्ल्यूके, डब्ल्यूएसबी या रानटी मूळाच्या उंदीरवंशांत मायक्रोग्लियाच्या अवस्थांचं प्रमाण वंशागणिक बदलतं, हे दाखवलं गेलंय. त्यामुळे मानवी विविधतेचा काही भाग प्रजातीचा असेल, पण सगळा तिच्या खात्यावर टाकता येत नाही.

आता जे फरक सगळ्या चाळण्यांतून उरतात त्यांच्याकडे. सीडी३३ हे मानवी जनुक अल्झायमरच्या जोखमीशी जोडलं गेलं. माणसात ते भक्षणाला लगाम घालतं, आणि जोखीम कमी करणारा जनुकीय प्रकार दुसरा एक्झॉन (प्रथिनात उतरणारा जनुकाचा तुकडा) गाळून आखूड प्रथिन बनवतो. उंदरातही सीडी३३ नावाचं जनुक आहे, पण त्या प्रथिनाची पेशीच्या आतली रचना वेगळी आहे आणि ते भक्षण रोखत नाही. उंदरात सीडी३३ काढून टाकण्याच्या प्रयोगाने मानवी औषधाची दिशा ठरवता येणार नाही. एमएस४ए या जनुकांच्या कुटुंबात दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या प्रती वाढल्या आहेत. सीआर१ आणि सीआर२ माणसात दोन स्वतंत्र जनुकं, उंदरात ती दोन्ही प्रथिनं एकाच जनुकातून निघतात. एपीओईचे २, ३, ४ हे प्रकार फक्त माणसात, उंदराचा एकच.

ट्रेम२ या मायक्रोग्लियावरच्या ग्राहकाची गोष्ट मला सर्वात बोधक वाटते. २०१३ मध्ये त्यातला आर४७एच हा बदल अल्झायमरची जोखीम काही पटींनी वाढवतो हे कळलं. साहजिकच तोच बदल उंदराच्या जनुकात घालून उंदीर तयार झाले. त्यांच्यात ट्रेम२चं प्रमाण बरंच घटलं, आणि आजार त्यामुळेच होतो असं वाटू लागलं. २०१८ मध्ये उलगडा झाला: उंदराच्या डीएनए क्रमात तो बदल केल्यावर आरएनए चुकीच्या जागी कापला जातो. माणसात असं होत नाही. तिथे प्रथिनाचं प्रमाण नीट असतं, त्याची पकड कमकुवत होते. प्रथिनातला बदल तोच, परिणामाचं कारण वेगळं. त्यानंतर पूर्ण मानवी ट्रेम२ जनुक बसवलेले उंदीर वापरणं योग्य ठरलं. जनुकाच्या आजूबाजूचा क्रम प्रजातीप्रमाणे वेगळं काम करतो, हे यातून ध्यानात येतं.

नियंत्रणाच्या तुकड्यांना तर हे आणखी लागू. वीस सस्तन प्राण्यांच्या यकृतांच्या तुलनेत प्रवर्तक (जनुकाच्या सुरुवातीचे तुकडे) बरेच जपलेले आणि वर्धक (दुरून जनुकाचं काम वाढवणारे तुकडे) झपाट्याने बदललेले दिसले. मायक्रोग्लियात अल्झायमरची जोखीम प्रामुख्याने वर्धकांतच बसलेली आहे. बीआयएन१ या जोखमीच्या जनुकाजवळचा एक वर्धक फक्त मायक्रोग्लियात चालतो. मानवी मूलपेशींत तो कापून टाकला की मायक्रोग्लियातलं बीआयएन१ उतरतं, चेतापेशीतलं तसंच राहतं. अशा तुकड्याचा अभ्यास उंदरात करायचा तर आधी तो तुकडा उंदरात आहे का आणि तिथेही वर्धक म्हणूनच काम करतो का, हे पाहावं लागतं.

मानवी पेशी बशीत वाढवून प्रश्न सुटतो का? फारसा नाही. मेंदूतून काढलेल्या मानवी मायक्रोग्लियाची ओळख देणारी जनुकं संवर्धनात सहा तासांतच घसरू लागतात. सीरम टाळून टीजीएफ-बीटा, आयएल-३४ आणि कोलेस्टेरॉल दिल्यास त्या जगतात आणि फांद्यांचा आकार राखतात, पण ओळख पूर्ण परत येत नाही. ती मेंदूच्या सहवासातच टिकते. म्हणून मूलपेशींपासून बनवलेल्या मानवी मायक्रोग्लिया उंदराच्या मेंदूत रोवतात. त्यासाठी प्रतिकारशक्ती काढून टाकलेला आणि मानवी सीएसएफ१ (सीएसएफ१आरला चालवणारं प्रथिन) बनवणारा उंदीर लागतो, कारण उंदराच्या सीएसएफ१वर मानवी पेशी नीट टिकत नाहीत. या रचनेत दोन प्रजातींच्या पेशी एकाच मेंदूत, एकाच वयात, एकाच नळीत येतात आणि वाचनं जीनोमप्रमाणे वेगळी करता येतात. हाताचा फरक जवळजवळ शून्य होतो. माझ्या दृष्टीने तुलनेची ही आज सर्वात स्वच्छ पद्धत आहे. प्रतिकारशक्ती नसलेला यजमान ही तिची मर्यादा.

शेवटची खात्री ऊतींच्या कापावर करावी. आरएनए जागच्या जागी रंगवणाऱ्या एचसीआर पद्धतीला अँटिबॉडी लागत नाही. त्या प्रजातीच्या आरएनए क्रमावरून प्रोब (शोधक तुकडे) बनवता येतात, त्यामुळे शेळीपासून मार्मोसेटपर्यंत कुठेही चालते. वयस्क माणूस आणि माकड यांच्या मेंदूत लिपोफ्युसिन हे वयाबरोबर साचणारं द्रव्य स्वतःच चमकतं आणि खोटे ठिपके देतं. सुडान ब्लॅक किंवा ट्रूब्लॅकने ते दाबावं, आणि प्रोब न घातलेला एक काप नेहमी शेजारी ठेवावा.

या कामाला भारतात जागा आहे. झेब्राफिश मूळचा आपल्याच उपखंडातला, १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांत त्याचं पहिलं वर्णन झालं; प्रयोगशाळांतल्या वंशांशी रानातल्या माशांची तुलना करायची तर ते इथे मिळतात. जगभरच्या प्रयोगशाळांतले अनेक ऱ्हीसस मॅकाक भारतीय मूळाचे आहेत, १९७८ मध्ये निर्यात थांबली तरी त्यांची वंशावळ चालू आहे. भारतीय आणि चिनी मूळाच्या माकडांत जनुकीय फरक आहे, म्हणून विदेत नुसतं ‘ऱ्हीसस’ लिहिलेलं पुरत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मानवी मेंदूंची पेढी आहे. जिवंत प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते, आणि मोठ्या प्राण्यांसाठी वेळ जास्त जातो. परकॉल आणि डाउन्सचा हात बसवायला मात्र खाटकाकडचा ताजा शेळीचा भेजा चालतो: कापल्यापासून तासाभरात, बर्फाच्या बफरमध्ये आणलेला, आवरणासकट. त्यातून निघालेल्या पेशींच्या आरएनएवर विश्वास ठेवू नये, पण घड्यांतून आवरण सोलणं, मायलिनचा थर आणि नळीमागे अर्धा ग्रॅमचा हिशोब, हे सगळं त्यावर शिकता येतं. कापण्याची वेळ, बर्फात टाकल्याची वेळ आणि पहिल्या गाळणीची वेळ वहीत लिहायची सवय त्याच सरावात लावून घ्यावी. पुढे मेंढी, माकड किंवा माणूस यांच्या नमुन्यांसाठी तेच तीन रकाने विदेबरोबर जमा करावे लागतात.